चैत्राचं ऊन वाया घालवू नका

पायातल्या चपला इथंच काढून ठेवा. जिथं निघालोय तिथं त्यांचं काम नाही. डोळे मिटा, खोल श्वास घ्या आणि आता सावकाश उघडा.

काही दिसत नाही? बरोबर आहे. अजून तांबडं फुटायचंय. पूर्वेला शुक्राची चांदणी तेवढी नुकती वर आलीय. तर मग कानांनी बघा. उजवीकडून घरघर येतेय ती जात्याची, आणि तिच्या तालावर दोन बायकांचे जड, झोपाळलेले, पण सुरातले आवाज. डावीकडून, जरा लांबून, कुईऽ कुईऽ, मग क्षणभर शांत, मग पाण्याचा धबाका. ती मोट. आणि नाकाला जो गोडसर, थोडा कडवट वास लागतोय तो अंगणातल्या कडुनिंबाच्या मोहराचा. पायाखाली गार, गुळगुळीत काहीतरी आहे ना? कालच शेणानं सारवलेलं अंगण आहे ते. बोटं रुतवू नका, आजी रागावेल.

तुम्ही आलाय मखमलाबादच्या शिवारात. साल 1928, शके 1850. पाडवा होऊन पाच दिवस झालेत. इथून पंचवटी दीड-दोन कोस, नाशिकचा बाजार त्याच्या जरा पुढं. मळा 4 एकरांचा. एक विहीर, एक बैलजोडी, एक गाय, थोडे द्राक्षाचे वेल, भाजीचे वाफे, कांद्याचं एक वावर आणि मातीच्या जाड भिंतींचं कौलारू घर. घरात खाती तोंडं नऊ. आज दहा.

कनवटीला काहीतरी टोचतंय का? सोडून बघा. साखरेचं अर्धं कडं आहे, पाडव्याच्या हारकड्यातलं. मुंग्या लागायच्या आत तोंडात टाका. तेवढ्यात जात्याची घरघर थांबेल आणि दारातून एक वाकलेली आकृती विचारेल, "उठलं का लेकरू? चूळ भर अन् विहिरीवर जा. दारं धरायला माणूस नाही."

ही आजी. तुमची कोण, हे तिनं विचारलेलं नाही. कामाला आलेला हात तिला ओळखीचाच असतो.

विहिरीकडं जाताना पायवाटेवर दव नाही, चैत्रात ते कुठलं असणार, पण माती मात्र ओलसर गार आहे. विहिरीच्या काठावर दोन खांब, त्यांच्यामध्ये लाकडी चाक. चाकावरून गेलेला जाड नाडा बैलांच्या जुवाला बांधलेला, आणि खालच्या लाटेवरून गेलेलं बारीक सोंदूर मोटेच्या सोंडेला. दादा बैलांना हाक देतो. मोऱ्या आणि पाखऱ्या मान खाली घालून धावेच्या उतारावर चालू लागतात, आणि दादा टुणकन ताणलेल्या नाड्यावर बसतो. त्याच्या वजनाची तेवढीच बैलांना मदत. चामड्याची मोट अंधारातून वर येते, पोट फुगलेली, चहूबाजूंनी गळणारी. सोंड थारोळ्यात पडते आणि पाणी असं कोसळतं की काठावर उभ्या असलेल्या तुमच्या गुडघ्यांपर्यंत भिजतं. ओल्या चामड्याचा वास, बैलांच्या अंगाची ऊब, एरंडेल सोडलेल्या चाकाची कुरकुर. बैल मागं मागं चढून वर येतात, मोट पुन्हा खाली. दादाचं गाणं मोटेबरोबर खाली जातं आणि मोटेबरोबर वर येतं. मध्यरात्रीनंतर केव्हातरी त्यानं मोट जुंपलीय. दिवसा ऊन वर चढलं की बैल टिकत नाहीत आणि पाणीही पाटातच निम्मं जिरतं, म्हणून भिजवण्याचं काम असं चांदण्यांच्या उजेडात उरकायचं असतं.

हातात खोरं घ्या आणि पाटाच्या कडेनं चालू लागा. तुमचं काम सोपं वाटेल. पाट वाहतोय, त्याच्या दोन्ही अंगांना वाफे आहेत. ज्या वाफ्याची पाळी असेल त्याचं मातीचं तोंड फोडायचं, तो भरला की तोंड बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. पहिल्या मेथीच्या वाफ्यात पाणी शिरताना बघा. पुढं पुढं जाणारी ती फेसाची काळी कड, तिच्यासमोर धावणारे किडे, आणि तहानलेल्या मातीतून येणारा बारीक चुरचुर आवाज. बघत बसलात ना? तिकडं वाफा भरून वरंब्यावरून पाणी चाललं! आता खोरं मारताय तर चिखल वाहून जातोय. घाबरू नका. घरातली आठ वर्षांची पोर पळत येते, भोकात आपली पावलं रोवून उभी राहते आणि म्हणते, "आता टाक माती." तिच्या घोट्यांभोवती माती लिंपा. ती पाय अलगद काढून घेते, आणि बांध धरतो. पाण्याला पायांनी कसं थांबवायचं, हे या घरात चालायला लागल्यापासून शिकवतात.

उजाडलंय. उत्तरेला रामशेजचा डोंगर आधी जांभळा, मग तपकिरी होतो. आणि आता मळा पहिल्यांदा धड दिसतो. द्राक्षाच्या वेलांना आधार म्हणून पांगाऱ्याचे खुंट लावलेत, जिवंत खुंट, आणि निष्पर्ण पांगाऱ्याच्या टोकाला लालभडक फुलं पेटलीयत. त्यांच्यावर साळुंक्यांचा नुसता गोंधळ. खाली वेलाला भोकरी जातीच्या द्राक्षांचे घड. कुंपणाकडेला गुलाबाची झाडं. मुघलांच्या काळी नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे, ते फुलांच्या बागांच्या नावानं. आजी त्यातली दोन फुलं देवाला ठेवते, बाकीची बाजाराच्या पाटीत जातात.

पण चैत्रातल्या या मळ्याचा खरा जीव घराच्या मागच्या परसात आहे. चला, वहिनी तिकडंच गेलीय.

इथं पाण्याचा थेंबही दोनदा कामाला येतो. न्हाणीचं सांडपाणी एका चरातून अळूला जातं, अळूतून उरलेलं केळीला. भांडी घासायची राख चुलीतली, आणि चाळून ठेवलेली मऊ राख वांग्यांवर पडणाऱ्या मावाकिडीवर भुरभुरायची. आता भिंतीकडं बघा. शेणाच्या चपट्या गोळ्यांची रांग चिकटवलीय ना? त्या गोवऱ्या आहेत असं वाटलं असेल. वहिनी एक गोळा खरवडून काढते, दगडावर आपटते, आणि आतून भोपळ्याच्या पांढऱ्या बिया बाहेर पडतात. गेल्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या भोपळ्याच्या. दुसऱ्या गोळ्यात दोडका, तिसऱ्यात काकडी. कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत, आणि हरवतही नाहीत. भिंत हीच बियांची तिजोरी.

बसा उकिडवं. बोटाच्या दोन पेरांइतकं खोल आळ्यात भोक करा. भोपळ्याचं बी आडवं ठेवा. "उभं नको, पाणी बसतं अन् सडतं," वहिनी सांगते. एका आळ्यात तीन बिया. एक उगवायची, एक किड्यांची, एक पाखरांची. वर शेणखताची मूठ, त्यावर तांब्यातून पाण्याची धार, तीही हाताच्या ओंजळीवरून सोडलेली, म्हणजे माती उखडत नाही. नखांत काळी माती शिरलीय. राहू द्या. दिवसभर ती तिथंच राहणार आहे.

तोवर सूर्य कौलांच्या वर आला आणि आजीची हाक: "काय पाहू राह्यलं लेकरू! ऊन वाया चाल्लं ना!"

हे वाक्य आज तुम्ही दहा वेळा ऐकणार आहात. नीट लक्षात ठेवा. तुमच्या काळात चैत्राच्या उन्हाला तुम्ही पडदे लावून बाहेर ठेवता. इथं ऊन हा घरातला आणखी एक गडी आहे. त्याला मजुरी द्यावी लागत नाही, पण तो तीनच महिने येतो. एकदा का मृगाचा पाऊस लागला की ही पायवाट गुडघाभर चिखलाची होते, गाडी रुतते, बाजार दूर जातो, परसात भाजी सडते, ओली लाकडं नुसती धुमसतात. ते चार महिने नऊ माणसांनी काय खायचं, ते आत्ता, या अंगणात, या उन्हात ठरतं.

आज कुरडयांचा दिवस आहे. तीन दिवसांपूर्वी दोन पायल्या गहू भिजत घातले होते, रोज पाणी बदलून. काल ते वाटले, कापडातून पिळून चोथा गाईला घातला, आणि पांढरं दूध रात्रभर भांड्यात निवळत ठेवलं. झाकण उघडा. आंबूस वास नाकात जाईल. वरचं पिवळट पाणी सावकाश ओतून टाका, तळाशी घट्ट बसलेला पांढरा चीक दिसेल. बोट लावलं तर गार आणि रेशमासारखा.

अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर पितळी पातेल्यात पाणी उकळतंय, मीठ आणि हिंग घातलेलं. वहिनी एका हातानं चीक सोडते आणि दुसऱ्या हातानं चाटू फिरवते. मग चाटू तुमच्या हातात देते. फिरवा. थांबलात की गुठळी झालीच. धूर डोळ्यांत जातो, फिरवा. घाम नाकाच्या शेंड्यावरून ओघळतो, खांद्यानं पुसा, पण फिरवा. चीक जड होत जातो, चाटू ओढायला दोन हात लागतात, पांढऱ्याचा रंग काचेसारखा पारदर्शक होऊ लागतो. आजी पाण्यात बोट बुडवून चिकाला लावते. बोटाला चिकटला नाही. "झाला."

पोरं कधीची वाट्या घेऊन बसलीयत. पहिला घास त्यांचा: गरम चीक, वर तेलाची धार. तुमच्याही हातात वाटी येते. फुंकर घालून खा. मऊ, लिबलिबीत, हिंगाचा झणका, आणि खाली उरलेली ती गव्हाची आंबट-गोड चव. गरम चीक आता खायचा. थंड झाला की सोऱ्यातून उतरत नाही.

बाज उलटी नाही, सरळ मांडलीय आणि तिच्यावर जुनं धुतलेलं लुगडं ताणून बांधलंय. सोऱ्यात चीक भरा. पितळ इतकं तापलंय की तळहात जळतील, म्हणून ओलं फडकं धरा. आता दाबत दाबत गोल फिरवा. वहिनीच्या हाताखाली कशी जाळी उतरते बघा: एक वेढा, त्यावर दुसरा, मध्यात शेवट, आणि सोऱ्या उचलला की धागा आपोआप तुटतो. तुमची पहिली? ती एका अंगाला फुगली, दुसऱ्या अंगाला धागा लोंबला. तिची शेपटी बाजेच्या दोरीला चिकटली. आठ वर्षांची पोर खुदकन हसते. आजी हसत नाही. ती वाकून बघते, लोंबता धागा बोटानं उचलून वर टेकवते आणि म्हणते, "उन्हाला वाकडं-सरळ कळत नाही. वाळव." तुम्ही दुसरी घालता, तिसरी घालता. विसाव्या कुरडईला हात वळतो.

दुपार. उन्हानं अंगण पांढरं केलंय. कावळे राखायला पोर काठी घेऊन सावलीत बसलीय. बाजेवर कुरडया, सुपात सांडगे, चटईवर मिरच्या, कौलांवर चिंच. मिरचीचा खाट वाऱ्याबरोबर आला की सगळं घर एकदम शिंकतं. तुम्ही ओसरीवर पाय पसरून बसा. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी, मडक्यातलं ताक. कांदा कापायचा नाही, बुक्कीनं फोडायचा. तो फुटताना डोळ्यांत येणारं पाणी आणि पहिल्या कचकचीत घासाची गोडी एकाच वेळी येते. भिंती जाड आहेत, आतली जमीन गार आहे. अर्धा तास डोळा लागू द्या. कोकीळ ओरडतच राहील.

जाग येईल ती दादाच्या हाकेनं. कांद्याच्या वावरात जायचंय. इथं एक गंमत आहे. कांदा तयार झाला हे तो स्वतःच सांगतो. पातीची मान मऊ पडते आणि सगळं वावर एका बाजूला लवंडतं. कांद्यानं माना टाकल्या, असं म्हणतात. उपटा. माती कोरडी आहे, एक झटका आणि तो फुफाट्यासकट वर. उपटलेला कांदा उन्हात उघडा टाकू नका, करपतो. एका ओळीचे कांदे मांडायचे आणि पुढच्या ओळीची पात त्यांच्यावर पांघरूण म्हणून टाकायची. असे काही दिवस गेले की मान सुकते. मग विळ्यानं पात कापायची, पण बोटभर मान ठेवून. "गळ्याशी कापला तर श्रावणात सडला समज," दादा म्हणतो. उन्हानं बंद केलेली मान म्हणजे कांद्याच्या तोंडाला लावलेलं बूच. ते नीट बसलं तर दिवाळीपर्यंत घरात कांदा आहे.

उन्हं कलली. आता द्राक्षं. उद्या बुधवार, गंगेवरचा बाजार. घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही. मण्यांवरचा तो पांढुरका थर पुसला गेला की गिऱ्हाईक ओळखतं, माल हाताळलेला आहे. पाटीत वाळलेलं गवत, त्यावर घड, पुन्हा गवत. एखादा मणी तुटून हातात आलाच तर खा की! दिवसभराच्या उन्हानं तो कोमट आहे. दातांखाली फुटला की आधी गोड, मग बियांचा तुरटपणा.

पलीकडच्या ओळीचा माल आधीच उतरलाय. तिथं म्हातारे काका वेलांची खरड छाटणी करताहेत. एवढा वाढलेला हिरवा पसारा कोयत्यानं उतरवताना बघून तुमचा जीव गलबलेल. कापल्या जागेतून पाण्याचे थेंब ठिबकताहेत. काका तुमच्या चेहऱ्याकडं बघून समजावतात: चैत्रात छाटल्यावर येते ती काडी. तिला उन्हाळाभर ऊन खायला घालायचं, म्हणजे ती पक्की होते. मग आश्विनात दुसरी छाटणी, गोडीची, आणि त्या पक्क्या काडीतून घड. म्हणजे पुढच्या फाल्गुनाचं द्राक्ष आजच्या उन्हानं घडतंय. तिकडं ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी 1925 साली द्राक्षाची बाग लावलीय, तिच्याबद्दल काका कुतूहलानं बोलतात. द्राक्षाचं वेड या मातीत उतरू लागलंय. पुढं काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलू नका. त्यांना कोयता चालवू द्या.

बुधवारची पहाट बैलगाडीत. पाट्यांच्या मधल्या जागेत अंग मुडपून बसा. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला दात वाजतात. घुंगरांचा आवाज, वंगणाचा वास, चाकांनी उडवलेली धूळ. परवा रामनवमी आहे. पंचवटी जवळ येते तसा रस्ता माणसांनी भरू लागतो. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप्ये, काळ्या रामाच्या देवळाकडून नौबतीचा आवाज. एकादशीला रामाचा रथ निघेल, त्याचीच बोलणी सगळीकडं.

आणि मग गंगा. नकाशावर हिचं नाव गोदावरी, पण नाशकात कुणी तसं म्हणत नाही. चैत्रातली गंगा अंग चोरून वाहतेय, आणि तिनं मोकळ्या केलेल्या काठावर बाजार पसरलाय. उतरा. आता गर्दीनं तुम्हाला धरलंच समजा. कोपर लागतं, पाटी लागते, कुणाची शेळी तुमच्या धोतराचा किंवा लुगड्याचा काठ चघळते. ओल्या कोथिंबिरीचा वास, त्यात गुळाच्या ढेपेचा, त्यात सुक्या बोंबलाचा, त्यात नदीच्या शेवाळाचा. "घ्या मेथी! घ्या ताजी!" तुम्हीही ओरडा. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. दादा पाठीवर थाप मारतो, "पोटातून काढ!" काढा. एक म्हातारी वळून बघते, मेथीची जुडी उचलते, मुळं हुंगते आणि घासाघीस सुरू करते. शेजारच्या पोराच्या नखांत अजून केशरी रंग आहे. पंधरवड्यापूर्वी रंगपंचमीला त्यानं रहाडीत उडी मारली होती. दगडी हौदाच्या काठावरून रंगात धप्पा! तो रंग काही केल्या उतरत नाही, आणि उतरू नये असंच त्याला वाटतं.

द्राक्षं दुपारच्या आत संपली. व्हिक्टोरिया पुलावरून पलीकडं चला. तांबट आळीत शिरण्याआधी तिचा आवाज शिरतो तुमच्या कानात. शंभर हातोड्या, शंभर घंगाळं, ठणठणाट इतका की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. तापल्या तांब्याची धग गल्लीभर. वहिनीची दोन पातेली कल्हईला दिलीयत. कोपऱ्यावर कल्हईवाला भाता हलवतोय. पातेलं निखाऱ्यावर लालसर झालं की नवसागराची चिमूट. पांढरा धूर उठतो, घसा खवखवतो. कथलाचा कण पडतो, कापसाचा बोळा गर्रकन फिरतो आणि काळं पातेलं आतून चांदीचं होतं. पाण्यात बुडवताना जो चर्रर आवाज येतो, तो ऐकायला पोरं मुद्दाम थांबतात. तुम्हीही थांबा. उन्हाळाभर चिंच, कैरी, ताक, सगळं आंबट याच पातेल्यांतून होणार आहे.

मीठ घेतलं, हिंग घेतला, नवा नाडा घेतला. आजीनं सांगितलेली एक गोष्ट राहिली का? बत्तासे. घ्या. परत निघताना मेन रोडवर नाशिक रोडला जाणारी ट्राम खडखडत जाते, तिच्याकडं एकदा मान वळवून बघा आणि गाडीत चढा.

मळ्यावर पोहोचताना दिवेलागण. डोक्यावर सप्तमीचा अर्धा चंद्र. कालच्या कुरडया आज उलटून दुसऱ्या बाजूनं वाळवल्यात, त्या आता लुगड्यासकट आत न्यायच्यात. हातात घ्या. काल चिकट होत्या, आज कडक, हलक्या, बोटांत किणकिणणाऱ्या. आजी एकेक डब्यात रचते. तुमची ती वाकडी हातात येते तेव्हा ती तिला सगळ्यात वर ठेवते, म्हणजे तिच्यावर भार येऊन मोडायला नको.

रात्री अंगणात बाज टाकलीय. तीच, सकाळी जिच्यावर कुरडया होत्या. दोरीत अजून ऊन आहे, पाठीला लागतंय. तुमचे तळवे सोलवटलेत, पोटऱ्या ताठल्यात, नाकात मिरची आहे. या कष्टांना गोड म्हणू नका, वहिनीचे हात बघा आधी. वैशाखात विहीर आटू लागेल तेव्हा दादाला मोटेच्या चार फेऱ्यांमागे एकदा थांबावं लागेल, पाणी साचायची वाट बघत. तो आत्ताही झोपलेला नाही, विहिरीच्या काठावर वाकून पाण्याचा अंदाज घेतोय. पण आज परसात भोपळ्याची आळी भिजलेली आहेत, कांद्यानं माना टाकल्यात, डबा निम्मा भरलाय. झोपा. मध्यरात्रीनंतर पुन्हा कुईऽ कुईऽ ऐकू येईल.

आता डोळे पुन्हा मिटा. परत जायचं नाही अजून. तीन महिने पुढं, तेवढंच.

उघडा. कौलांवर पाऊस कोसळतोय. आषाढ. सहा दिवस सूर्य दिसलेला नाही. पायवाट नाही, तिथं तांबडं-काळं पाणी वाहतंय. परसातला भोपळा गोठ्याच्या छपरावर चढलाय, तीन बियांतल्या दोन उगवल्या होत्या. बांधलेल्या दोरीवर कपडे वाळता वाळत नाहीत, भिंतीला ओल आलीय, चूल धुमसतेय. पोरं कंटाळून एकमेकांच्या खोड्या काढताहेत. रात्री भाजीला काय, असं वहिनी विचारते आणि कुणी उत्तर देत नाही.

आजी उठते. फडताळावरचा डबा उतरवते. झाकण निघताक्षणी बंद घरात एक वास पसरतो, कोरडा, उबदार, हिंगाचा. कढईत तेल तापलंय. ती वरची कुरडई उचलते. एका अंगाला फुगलेली, लोंबता धागा वर टेकवलेला. तुम्ही ओळखता. ती तेलात पडते, क्षणभर तळाशी जाते, आणि मग एकदम उमलते, दुप्पट होते, पांढरीशुभ्र होऊन कढईच्या काठांना टेकते. पोरं चुलीभोवती गोळा होतात. वाकडा भाग सगळ्यात जास्त फुललाय.

आजी ती झाऱ्यावर निथळते, मोडते आणि मोठा तुकडा तुमच्या हातात देते. बाहेर पाऊस कौलं फोडायला निघालाय. तुम्ही दातांखाली तो तुकडा धरता, आणि कुर्रऽ!

"घे लेकरू," आजी म्हणते, "तुझं ऊन."